मन्मथअप्पांच्या जीपचा सायलेन्सर

मन्मथअप्पांची जीप आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. झरीत रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे आणि अप्पांचं घर तिथून अर्धा किलोमीटर आत. त्यांनी घरी जीप चालू केली की माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातले नट हलायला लागायचे. मी हातातला पाना खाली ठेवायचो आणि मनाशी म्हणायचो, महारुद्रा, आली तुझी साडेसाती.

जीप चाळीस वर्षांची, डिझेलची, चारही चाकांना जोर लावणारी. अप्पा सत्त्याहत्तर वर्षांचे. दोघांची तब्येत मला सारखीच बघावी लागते आणि दोघंही माझं ऐकत नाहीत. अप्पांचं गावात किराणा दुकान आहे, ते आता त्यांची सून त्रिवेणी बघते. मुलगा शंभुराज पुण्यात नोकरीला. अप्पांचा जीव शेतात. शेत चार किलोमीटरवर, सगळी काळी माती, आणि मध्ये एक ओढा. कॅनॉलला पाणी सुटलं की त्या ओढ्यात मांडीभर पाणी असतं. तिथं मोटारसायकल रुतते, रिक्षावाला तर नाव काढल्यावर हात जोडतो. जाते ती फक्त ही जीप.

आणि अप्पांना तिथं जायलाच लागतं. लिंगायत माणसं आपल्या माणसाला आपल्याच रानात समाधी देतात. अप्पांच्या बायकोची, चन्नबसम्मा काकूंची समाधी त्या शेतात आहे, बांधावरच्या कडुनिंबाखाली. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. अप्पा सकाळी जीप काढतात, समाधीपाशी तासभर बसतात आणि परत येतात. गुडघे दोन्ही गेलेत. जीप गेली की अप्पांचं तिथं जाणं संपलं, हे मला माहीत होतं, त्रिवेणीला माहीत होतं, अख्ख्या झरीला माहीत होतं.

तर या जीपच्या कागदाची मुदत नोव्हेंबरच्या अठरा तारखेला संपत होती. जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. शंभुराजचा मला पुण्याहून फोन आला.

"महारुद्रभाऊ, या खेपेला पास झाली तर ठीक. नाही झाली तर एकोणीसला भंगारवाला येईल, मी बोलून ठेवलंय. अप्पा कुठं उलटले तर मी इथून काय करणार?"

त्याचंही चूक नव्हतं. पण बापाला सांगायची हिंमत नाही म्हणून हे सगळं माझ्या डोक्यावर. मी म्हणालो, "होईल पास." असलं काहीतरी बोलायची मला लहानपणापासून खोड आहे.

मी मोबाइलवर पासिंगची तारीख घेतली. सतरा मिळाली. अप्पांना सांगितलं, "अप्पा, सतरा तारखेला परभणीला जायचंय. त्याच्या आधी सायलेन्सरचं सगळं काम करून घेऊ. धूर आणि आवाज, दोन्हींत नापास होणार ही."

अप्पा म्हणाले, "बरं."

एवढं सरळ उत्तर अप्पांनी मला वीस वर्षांत कधी दिलं नव्हतं. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी जीप आली. अप्पांनी माझं स्टूल सावलीत ओढलं, धोतर सावरून बसले आणि हुकूम सोडला, "सायलेन्सर तेवढा बदल. बाकी कशाला बी हात लावू नको."

मी जीपखाली शिरलो. सायलेन्सर सापडेना. म्हणजे त्याच्या जागेवर काहीतरी होतं, पण ते सायलेन्सर नव्हतं. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला, त्यावर तार, तारेवर लांबीचा लेप, लेपावर पुन्हा पत्रा. कांद्यासारखं एकेक साल काढत गेलो तेव्हा आत मूळ सायलेन्सरचा हातभर गंजका तुकडा निघाला. आणि हे सगळं धूड खालून टांगलं होतं बैलाच्या कासऱ्यानं.

"अप्पा, हा कासरा?"

"मग? तुझं ते रबर चार दिसांत तुटतंय. कासरा हालू देत न्हाई."

"जळत नाही का?"

"जळतंय की. पंधरा दिसाला नवा बांधतो."

मग पुढं सरकून इंजिनापाशी पाहिलं. इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो तो बिडाचा भाग, त्याला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो, तो एका बाजूनं तडकलेला. मधलं गॅस्केट, सांधा घट्ट बसवणारी पातळ पट्टी, ते जळून गेलेलं. आजूबाजूला सगळी काजळी, चुलीच्या मागं असते तशी.

"अप्पा, तुम्हाला आत धूर येत नाही?"

"येतो की. थंडीत बरं वाटतंय."

मी मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणाऱ्या आठ स्टडवर डिझेल सोडलं, दोन दिवस भिजू दिलं, तिसऱ्या दिवशी गॅसनं लाल केलं आणि पाना लावला. सहा निघाले. दोन तुटून आतच राहिले. ते ड्रिलनं कोरून काढायला एक अख्खा दिवस गेला. आणि त्या अख्ख्या दिवसात अप्पा स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "डावीकडं फिरव." "जोर लावू नको." "आता लाव." "तुझा बाप आसता तर एका झटक्यात काढला आसता." माझा बाप शिंपी होता.

निघालेला प्रत्येक तुकडा अप्पा हातात घ्यायचे, फडक्यानं पुसायचे आणि शेजारच्या पोत्यात ठेवायचे. तुटके स्टडसुद्धा.

"हे भंगार कशाला?"

"ऱ्हाऊ दे. इतकी वर्सं आंगावर व्हतं तिच्या."

माझ्या डोक्यात मात्र वेगळं चाललं होतं. नुसता नवा सायलेन्सर टाकून उपयोग नव्हता. ओढ्यातून जाताना नळीच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि दोन वर्षांत सगळं सडतं. म्हणून मी ठरवलं, नळी खाली मागं काढायचीच नाही. बाजूनं वर चढवायची, टपाच्या वर तोंड काढायचं, ट्रॅक्टरला असतं तसं. नळीही जुनीपेक्षा अर्धा इंच मोठी, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल. मला स्वतःलाच माझी ही कल्पना इतकी आवडली की मी अप्पांना उत्साहानं सांगितली.

अप्पांनी मान हलवली. "न्हाई. तोंड म्होरं आन् धूर मागनं, खालनं. देवानं जनावराला कसं दिलंय?"

"अप्पा, ही जीप आहे."

"म्हणून काय डोक्यातून पादावं का तिनं?"

रस्त्यावरचे चार लोक हसले. मी हसलो नाही. अर्धा तास समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणालो, "पाणी शिरलं तर एक दिवस ओढ्यात बंद पडेल. मग समाधीला कसं जाणार?" तेव्हा कुठं म्हणाले, "कर मग. पण माप मी देतो."

इथं मी चूक केली. अप्पांनी पत्र्यावर खडूनं आकृती काढली, वीत आणि बोटं मोजून माप टाकलं आणि मी ते घेऊन पूर्ण्याला गेलो. पूर्ण्याला सिद्धोधनमामा आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. नळीला असा बाक देतात की कुठं चपटी होत नाही, कुठं सुरकुती नाही. त्यांच्याकडं दिवसभर बसून नळी वाकवून घेतली. सात फुटांची नागमोडी नळी खांद्यावर घेऊन पॅसेंजरमध्ये चढलो. निम्म्या डब्यानं विचारलं, हे काय. एक म्हातारी तर ती डोक्याला लागू नये म्हणून परभणीपर्यंत वाकून बसली आणि मला शिव्या देत राहिली.

झरीत येऊन नळी जीपला लावली. बाक उलटा. वर चढायची ती नळी चाकात शिरत होती. अप्पांनी आकृती काढली होती जीपच्या पुढं, तिच्याकडं तोंड करून उभं राहून आणि डावी-उजवी बाजू सांगितली होती गाडीत बसून.

"तुला कळाया पायजे व्हतं," अप्पा म्हणाले.

मी पाना भिंतीवर फेकला. अप्पांवर नाही, भिंतीवर. मग पुन्हा परभणी, पुन्हा पूर्णा, पुन्हा पॅसेंजर. सिद्धोधनमामांनी नळी उलटून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "माप कुणी दिलं? मालकानं? मालकाचं माप कधी घेऊ नये बाबा."

चौदा तारखेला, शुक्रवारी, काम पुरं झालं. नवं मॅनिफोल्ड, नवं गॅस्केट, आठही स्टड नवे, नवा सायलेन्सर, चांगले पट्टीचे क्लॅम्प, जाड रबरी बुश, आणि टपाच्या वर तोंड काढलेली नळी. तोंडावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून छोटी झडप. मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि नुसतं गुरगुरत राहिलं, खालच्या आवाजात. डब्यातला एक नट हलला नाही. मला इतका आनंद झाला की राहवेना, शेजारच्या चहावाल्याला बोलावून दाखवलं.

अप्पा उभे होते. म्हणाले, "लाव की चालू."

"चालूच आहे."

अप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "आवाज कुठाय?"

"आवाज बंद करायलाच तर बारा दिवस मरतोय मी!"

"मेल्यावानी वाटायलंय," अप्पा म्हणाले, आणि चेहरा पाडून जीप घेऊन गेले.

पण संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा वेगळा होता. उतरले नाहीत, बसल्या बसल्या म्हणाले, "ओढ्यात लय पाणी व्हतं. गुडगुड केलं न्हाई तिनं. सरळ गेली." अप्पांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच. मी फुगलो. म्हणालो, "मग सोमवारी सकाळी नऊला निघू परभणीला."

अप्पांचा हात स्टिअरिंगवर होता, तो तिथंच थांबला.

"सोमवारी?"

"हो. सतरा तारीख."

"सोमवारी न्हाई जमत."

"अप्पा, मी तुम्हाला पंधरा दिवस आधी सांगितलंय!"

"तू सतरा म्हणला व्हतास. सोमवार म्हणला आसतास तर तवाच न्हाई म्हणलो आसतो."

मला अप्पांचं गणित तेव्हा कळलं. त्यांना वार कळतो, तिथी कळते, तारीख हा त्यांच्या लेखी कॅलेंडरवाल्याचा प्रश्न. आणि मी वार बघितलाच नव्हता. पण सोमवारी असं काय होतं? मी विचारलं आणि अप्पांनी सांगितलं ते ऐकून मी खाली बसलो.

लिंगायतांत सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. बैल म्हणजे बसवण्णा, त्याचा तो विसाव्याचा वार. हे मला ठाऊक होतं, आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण अप्पांनी ही जीप आणली होती ती बैलजोडी विकून. जीप दारात आली तेव्हा काकूंनी तिला ओवाळलं आणि म्हणाल्या, बैल विकून आणलाय, आता ह्योच आपला बैल, सोमवारी याच्या मानंवर जू ठिवायचं न्हाई. तेव्हापासून चाळीस वर्षं ही जीप सोमवारी चालू झालेली नाही. वीस वर्षं मी हिचं इंजिन धरून बसलोय, आणि सोमवारी माझ्या डब्यातले नट हलत नाहीत हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. अप्पा सोमवारी देवळात बसतात, एवढंच मी बघत होतो.

मी दुसरी तारीख शोधली. सत्तावीसच्या आधी नव्हती. शंभुराजला फोन केला. तो म्हणाला, "मला कारणं सांगू नका भाऊ, पंधरा दिवस होते तुमच्याकडं." फोन ठेवला त्यानं. बरोबरच होतं, वार मी बघायला पाहिजे होता. स्वतःवरचा राग माणसाला दुसऱ्यावरच काढता येतो, म्हणून मी शनिवारी सकाळी अप्पांच्या घरी गेलो.

"अप्पा, बन्सीधरचा ट्रॅक्टर लावतो. ओढून नेतो परभणीपर्यंत. मग तर झालं?"

अप्पांनी विचार केला. "ओढून न्या. बन्सीधरच्या ट्रॅक्टरला सोमवार न्हाई. पर हिला चालू करायची न्हाई."

"अहो, साहेब धूर तपासणार! बंद इंजिनाचा धूर कुठून काढू? नळीत उदबत्ती खोचू का?"

"चिडू नको," अप्पा म्हणाले. चिडू नको असं कुणी म्हटलं की मी जास्त चिडतो.

त्रिवेणी शहाणी बाई. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "महारुद्रभाऊ, मामंजी माझं ऐकणार न्हाईत, तुमचं ऐकणार न्हाईत. स्वामींचं ऐकतील." म्हणून रविवारी आम्ही दोघं अप्पांना घेऊन मठात गेलो. स्वामी समजूतदार निघाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अप्पा, जीव हाय त्याला विसावा. यंत्राला सोमवार नसतो. बेलाशक न्या गाडी."

अप्पांनी पायावर डोकं ठेवलं, विभूती लावून घेतली. पायऱ्या उतरताना म्हणाले, "स्वामींचं बराबर हाय."

मी मनात म्हणालो, सुटलो एकदाचा. "मग उद्या नऊला?"

"न्हाई."

तळपायाची आग मस्तकाला गेली. गुरूनं मोकळं केलं, तरी हा माणूस मोकळा व्हायला तयार नाही. मग हा धर्म नाही, हे कर्म नाही, हा नुसता हट्ट. मी घरी जाऊन बायकोशी भांडलो, तिचा काही संबंध नसताना.

सोमवारी साडेसातला मी अप्पांच्या अंगणात होतो. माझ्याकडं जीपची दुसरी किल्ली असते. ठरवूनच गेलो होतो की विचारायचं नाही, बसायचं आणि निघायचं. पण जीपमध्ये अप्पाच बसलेले. अंघोळ झालेली, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, ड्रायव्हरच्या जागेवर, दोन्ही हात मांडीवर.

"उतरा अप्पा."

"न्हाई."

मग माझा तोल गेला. मी ओरडलो. दारात त्रिवेणी येऊन उभी राहिली, शेजारची माणसं बाहेर आली, मला कशाचं भान नव्हतं. "बारा दिवस मी हिच्या पोटाखाली पडलोय! दोनदा पूर्ण्याला गेलोय! परवा भंगारवाला येईल, मग कसं जाणार शेतात? कोण नेणार तुम्हाला काकूंपाशी? काकू आज असत्या तर त्यांनी तरी म्हटलं असतं का, सोमवार पाळा म्हणून?"

"तिनंच म्हणलं व्हतं," अप्पा म्हणाले.

"ओवाळताना म्हटलं होतं. चाळीस वर्षांमागं!"

"न्हाई रे. त्या दिशी."

अप्पा हळू बोलत होते, मला जवळ जावं लागलं.

"सोमवारच व्हता. सकाळच्या पारी तिच्या छातीत दुकाया लागलं. घाम फुटला. मी किल्ली लावली व्हती, महारुद्रा. ह्याच भोकात. ती वसरीतून म्हणली, आवो, आज सोमवार हाय, त्याला कामून जुंपायलाव? पित्त झालंय. आठची यष्टी हाय, तिनं जाऊ. मी किल्ली काढली. रिक्षा बगतो म्हणलो, तर नगं म्हणली, पित्तापायी गावभर बोभाटा कशाला. आमी फाट्यावर जाऊन बसलो. यष्टी नवाला आली. तवर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गेली व्हती. मी तसाच बसलो व्हतो. यष्टीवाला हात करून ईचारायला, येताव का म्हणून."

त्रिवेणीनं तोंडावर पदर घेतला. तिलाही हे माहीत नव्हतं. सगळ्यांना सांगितलं होतं, दवाखान्यात नेताना गेल्या.

"स्वामी म्हणले, यंत्राला सोमवार नसतो," अप्पा म्हणाले. "नसंल. पर मग त्या दिशी बी नव्हता की. आज कागदापायी चालू केली, तर त्या दिशी तिच्यापायी का न्हाई केली? हे मी तिला तिथं बसून काय सांगू?"

माझ्या हातात किल्ली होती. ती मी खिशात ठेवली. मला लाज वाटली. चार दिवस मी या माणसाला हट्टी म्हणत होतो, मनात तर आणखी काय काय म्हणालो होतो. त्याला तो सोमवार खरा ठेवावाच लागत होता. तो खोटा ठरला असता तर त्याला जगता आलं नसतं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तू हिचा डाक्टर. तूच सांग. त्या दिशी जीपनं नेली आसती, तर येळंत पोचलो आसतो का?"

आता इथं खरं काय ते सांगतो, कारण दुसरीकडं कुठं सांगता येणार नाही. काकू गेल्या त्याच्या आठच दिवस आधी मी या जीपचं काम केलं होतं. इंजिनाच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, गॅस्केट नवं टाकलं होतं, पंप काढून धुतला होता, आणि तपासून बघायला मी स्वतः तिला परभणीला नेऊन आणलं होतं. कुठं खळखळली नाही. चाळीस वर्षांत ती जितकी चांगली नव्हती तितकी त्या महिन्यात होती.

"नाही अप्पा," मी म्हणालो. "नसता पोचलात."

"कामून?"

"मी तेव्हा हेडचं गॅस्केट नवं टाकलंच नव्हतं. जुनंच घासून बसवलं होतं. तुम्हाला बोललो नाही. शेतापर्यंत ठीक होतं, पण मोठ्या रस्त्यावर जोर लावला असता तर पाच-सहा किलोमीटरवर उडालं असतं. मग काकूंना घेऊन रस्त्यावर बसला असता. माझंच काम कच्चं होतं."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं यांनी. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण पुसलं नाही. मग जीपच्या दांडीला धरून एकेक पाय खाली ठेवत उतरले. स्टिअरिंगवर हात फिरवला, कानडीत काहीतरी पुटपुटले. आणि त्यांच्या मुठीतली किल्ली माझ्या हातात दिली.

"ने," म्हणाले. "मी बसत न्हाई. तू ने."

मी जीप काढली. गावातून जाताना कुणी वळून बघितलं नाही, आवाजच नव्हता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वेग धरला तशी ती गुळगुळीत पळायला लागली, नवी नळी मोकळी, धुराचा कुठं वास नाही. सव्वीस मिनिटांत परभणी आली. मी घड्याळ बघायला नको होतं.

पासिंग झालं. साहेबांनी वरची नळी बघून विचारलं, हे कुणाचं काम, छान आहे. मी नाव सांगितलं. शंभुराजला फोन करून कळवलं आणि सोमवारचं काही बोललो नाही, ते अप्पा सांगतील तेव्हा सांगतील.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्याला, आणि मग सगळ्यांनाच. चार वर्षं ज्या माणसानं त्या सकाळबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं तो आता दुकानात, देवळात, पारावर सांगत असतो. सोमवार होता, ती नको म्हणाली, यष्टी उशिरा आली. आणि जीपनं नेलं असतं तरी पोचलो नसतो, महारुद्रानं गॅस्केट जुनंच बसवलं होतं. शेवटी हेही सांगतात, "पर माजा राग न्हाई त्याच्यावर. माणसाच्या हातनं ऱ्हातंय कधी काम कच्चं." असं म्हणून मला माफ करून टाकतात, पारावर, दहा माणसांत.

काल बन्सीधर ट्रॅक्टर घेऊन आला. मी हेड खोलायला घेतलं तर म्हणाला, "गॅस्केट नवंच टाकशील ना रे? न्हाई तर त्या अप्पाच्या बिचाऱ्या बायकोवानी करशील."

माझ्या हातात पाना होता. समोर भिंत होती.

"नवंच टाकतो," मी म्हणालो. "त्या वेळी चुकलं माझं."